कोळशाच्या भट्टीत शेतातली काडी



सुगी आटोपली म्हणजे दाणा घरात येतो आणि बाकीचे शेतात उरते. या उरलेल्याला आपल्याकडे नावे पुष्कळ आहेत. कोकणात भाताचा पेंढा, विदर्भात त्याचेच तणस, कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, गव्हाचे काड, उसाचे पाचट. ज्या वस्तूचा घरोघर उपयोग होतो तिलाच लोक अशी वेगवेगळी नावे देतात. पेंढ्याने घरे शाकारली, कडबा बैलांनी खाल्ला, पऱ्हाटी आणि तुराट्या चुलीत गेल्या किंवा कुडाच्या भिंतीत उभ्या राहिल्या. तेव्हा शेतातला कचरा असा शब्द आज आपण वापरतो खरा, पण आपल्या आजोबांच्या काळी असा कचरा फारसा नव्हताच.

आज सांगायची आहे ती हकीकत याच काडीची. पण ती चुलीतली नाही. जिथे कोळसा जाळून वीज तयार होते त्या मोठ्या वीजकेंद्राच्या भट्टीत ही काडी कशी जाऊन पोहोचली, तिथे तिने कोणते प्रश्न उभे केले आणि ते कोणी कसे सोडवले, हे आपण पाहू. गोष्ट यंत्रांची दिसते, पण तिच्यात शेतकऱ्याचा संबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे.

सुरुवात कोळशापासून करू. आपल्या देशात दामोदर नदीच्या काठी राणीगंजच्या परिसरात १७७४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या दोघा नोकरांनी, सम्नर आणि हीटली यांनी, कोळसा काढायला आरंभ केला. पुढे आगगाडी आली, गिरण्या आल्या आणि कोळशाला गिऱ्हाईक मिळाले. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र चालू केले, तेही कोळशावरच. १८९९ साली कलकत्त्यात इमामबाग गल्लीत कोळशाच्या वाफेवर वीज तयार होऊ लागली. आपल्या मुलखात कल्याणजवळ ठाकुर्लीला रेल्वेने चोळ्याचे वीजघर बांधले, ते १९२९ साली सुरू झाले आणि विजेच्या गाड्यांना वीज पुरवू लागले.

कोळसा एवढा का पसरला? लाकूड आणि काडी जगाला हजारो वर्षे ठाऊक होतीच. कोळशाचे मुख्य गुण दोन. थोड्या जागेत पुष्कळ उष्णता मावते आणि तो बारा महिने सारखाच राहतो. पेंढ्याचे उलट आहे. मोकळा पेंढा गाडीत भरला तर गाडी भरते पण वजन भरत नाही. एक घनमीटर जागेत मोकळे काड जेमतेम पन्नास ते शंभर किलो मावते. शिवाय तो वर्षातून एकदाच मिळतो, पावसात भिजला की कुजतो आणि ठिणगी पडली की गंजीच्या गंजी जाते. म्हणून कारखानदाराने कोळसा पत्करला, यात नवल काही नाही.

पण कोळशाचा एक हिशेब उशिरा लक्षात आला. हा कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडेच. आपल्या वर्धा खोऱ्यातला आणि दामोदर खोऱ्यातला कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या झाडांनी हवेतून घेतलेला कर्ब जमिनीत पुरला गेला. आपण तो दोनशे वर्षांत उकरून पुन्हा हवेत सोडतो आहोत आणि त्यामुळे पृथ्वीचे हवामान तापत चालले आहे. काडी जाळली तरी कर्ब हवेत जातोच, पण तो यंदाच्याच पिकाने यंदाच्याच हवेतून घेतलेला असतो. पुढच्या हंगामात नवे पीक तो परत घेते. घरच्या भाषेत सांगायचे तर काडी ही चालू सालाची मिळकत आणि कोळसा हा वाडवडिलांनी पुरून ठेवलेला ठेवा. मिळकतीतून खर्च केला तर वर्षाअखेर हिशेब जुळतो. ठेवा उकरून खाल्ला तर तो पुन्हा भरत नाही.

एवढे समजल्यावर कोणी म्हणेल, मग कोळसा बंद करा आणि काडी जाळा. हे इतके सोपे नाही. एवढी काडी कोठून आणायची? कोळशाची केंद्रे तर उभी आहेत, त्यांचे बॉयलर, टर्बाइन, जनित्रे, तारा, सारे पैसे घालून झालेले आहे. तेव्हा मधला मार्ग निघाला. केंद्र तेच ठेवायचे आणि त्याच्या कोळशातला काही भाग काढून तिथे काडी घालायची. हा मार्ग नेटाने चोखाळून पाहिला तो डेन्मार्क या देशाने.

डेन्मार्कचे नाव आपल्या शिक्षकांना नवे नाही. तिथल्या लोकशाळा आणि सहकारी दुग्धशाळा यांची माहिती आपल्याकडे सहकाराच्या चळवळीत पुष्कळदा सांगितली गेली आहे. हा छोटासा, सपाट, शेतीप्रधान देश. गहू आणि बार्ली ही त्याची मोठी पिके. त्याच्या जमिनीत कोळसा नाही. १९७३ साली जगात तेलाचे संकट आले, तेव्हा तिथली वीज बहुतांशी तेलावर तयार होत होती. तेल महागल्यावर त्यांनी आपली केंद्रे कोळशावर वळवली आणि तो कोळसा परदेशातून जहाजाने येऊ लागला. इकडे शेतकरी मात्र धान्य काढून उरलेले काड शेतातच पेटवून देत असे. उन्हाळ्याच्या अखेरीस गावोगाव धूर व्हायचा. म्हणजे एका हाताने जळण जाळून टाकायचे आणि दुसऱ्या हाताने परदेशातून जळण विकत घ्यायचे.

१९९० च्या सुमारास तिथे शेतात काड जाळायला बंदी झाली. पण सरकार एवढ्यावर थांबले नाही. जून १९९३ मध्ये तिथल्या राजकीय पक्षांनी मिळून एक करार केला. त्या कराराने मोठ्या वीज कंपन्यांवर असे बंधन घातले की २००० सालापर्यंत त्यांनी दर वर्षी बारा लाख टन काड आणि दोन लाख टन लाकडाच्या चिपा जाळल्याच पाहिजेत. ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शेतकऱ्याला जाळू नको म्हणून सांगितले आणि लगोलग कंपनीला विकत घे म्हणून सांगितले. बंदी आणि खरेदी यांत दोन-तीन वर्षांचेच अंतर राहिले. पुढे १९९७ साली कराराच्या अटी थोड्या सैल कराव्या लागल्या, मुदतही लांबली, पण वाट मोडली नाही.

कंपन्यांचे इंजिनिअर कामाला लागले आणि पहिल्याच पायरीवर अडखळले. कोळशाच्या केंद्रात कोळसा तसाच जाळत नाहीत. तो गिरणीत पिठासारखा बारीक दळतात आणि ते पीठ हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकतात. कोळसा ठिसूळ, तो दाबाखाली फुटतो. काड चिवट, ते दाबाखाली चपटे होते पण फुटत नाही. आपल्या घरचेच उदाहरण घ्या. जात्यात ज्वारी घातली तर पीठ पडते, पेंढा घातला तर जाते अडते. तेव्हा काडासाठी वेगळी सोय करणे भाग होते.

ऑर्हूस शहराजवळ समुद्रकाठी स्टुडस्ट्रुप नावाचे वीजकेंद्र आहे. तिथल्या १५० मेगावॉटच्या एका जुन्या संचात १९९६ ते १९९८ ही दोन वर्षे प्रयोग झाला. शेतावरून पाचपाचशे किलोचे चौकोनी गठ्ठे येत. गठ्ठा सोडून काड तुकडे करणाऱ्या यंत्रात जाई, तिथून दगडगोटे वेगळे होत, मग हातोड्यांच्या गिरणीत त्याचा भुसा होई आणि तो भुसा नळीतून फुंकून कोळशाच्या ज्योतीच्या मधोमध सोडीत. एकूण उष्णतेच्या वीस टक्क्यांपर्यंत काड वापरून पाहिले. असे आढळले की दहा टक्क्यांच्या आसपास राहिले तर बॉयलरच्या नळ्या विशेष झिजत नाहीत, वीस टक्क्यांवर गेले की झीज वाढते. हा अनुभव घेऊन तिथल्याच ३५० मेगावॉटच्या संचात २००२ पासून काड नेहमीच्या कामासाठी जाळू लागले.

ही झीज कशाने होते? याचे उत्तर प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. काडात पालाश असतो. आपण पोटॅशचे खत म्हणून पोत्याने विकत घेतो तोच हा पालाश. पीक तो जमिनीतून उचलते आणि त्याचा मोठा वाटा दाण्यात न जाता काडात राहतो. त्याच्या जोडीला क्लोरीनही असतो. हे दोघे भट्टीत तापले की त्यांची वाफ होते, ती थंड नळ्यांवर चिकट थर धरते आणि लोखंड खाऊ लागते. नळ्या जितक्या गरम तितके हे खाणे जास्त. शिवाय भट्टीच्या धुरातले विषारी वायू काढण्यासाठी जे उत्प्रेरक बसवलेले असतात, तेही पालाशाने निकामी होतात.

आता गंमत पाहा. तिथल्या लोकांच्या असे ध्यानात आले की कापणीनंतर काही दिवस काड शेतातच पडून राहिले आणि त्यावर पाऊस पडून गेला तर ते पिवळ्याचे करडे होते. असे करडे काड मग वाळवून जाळले तर बॉयलरला बरेच कमी त्रास होतो. कारण उघड आहे. पालाश आणि क्लोरीन पाण्यात विरघळतात. पावसाने ते धुऊन जमिनीत नेले. म्हणजे जे जमिनीचे होते ते जमिनीला परत मिळाले आणि जे भट्टीला हवे होते ते भट्टीला राहिले. गुरांच्या तोंडी पिवळे काड गोड लागते, भट्टीला करडे चांगले. पावसाने भिजलेले काड वाया गेले असे आपण म्हणतो, पण चांगले वाळवले तर या कामाला तेच सरस ठरते.

दुसरा एक मार्ग डेन्मार्कच्याच दक्षिण भागात, ओबेनरो गावाजवळच्या एन्स्टेड केंद्रात अवलंबिला गेला. तिथे कोळशाचा सहाशे मेगावॉटच्या वरचा मोठा संच होता. त्या संचाच्या भट्टीत काड मिसळण्याऐवजी शेजारीच काडाचा वेगळा बॉयलर १९९८ साली उभारला. त्याची वाफ मात्र कोळशाच्याच टर्बाइनला जोडून दिली. दोन चुली आणि एक भांडे असा हा प्रकार. काडाच्या चुलीवर वाफ ४७० अंशांपर्यंतच तापवीत, म्हणजे नळ्या खाल्ल्या जाऊ नयेत. तिथून पुढे ५४० अंशांच्या वर तापवण्याचे काम लाकडाच्या चिपांच्या छोट्या भट्टीकडे दिले होते, कारण लाकडात पालाश आणि क्लोरीन कमी. या बॉयलरने वर्षाला सुमारे सव्वा लाख टन काड पचवले.

या मार्गात खर्च जास्त, पण एक लाभ मोठा होता. काडाची राख आणि कोळशाची राख वेगवेगळी राहिली. राखेचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो नाही. कोळशाची बारीक राख सिमेंटमध्ये मिसळतात, तिला चांगली किंमत येते. काड मिसळून जाळले की ती राख सिमेंटवाले घेईनात. युरोपातल्या नियमांप्रमाणे निव्वळ कोळशाचीच राख चालत असे. पुष्कळ चाचण्या झाल्या आणि २००५ साली नियम सुधारून थोड्या प्रमाणात मिश्रणाच्या राखेला परवानगी मिळाली. उलट निव्वळ काडाच्या भट्टीच्या तळाशी जी राख उरते ती पालाशाचे खतच. ती पुन्हा शेतात टाकता येते.

तिसरा मार्ग फिनलंडचा. लाहती शहरात १९९८ साली कोळशाच्या बॉयलरशेजारी वायू करणारी भट्टी बसवली. लाकडाचा भुसा, साली आणि वेगळा काढलेला जळाऊ कचरा अपुऱ्या हवेत तापवून त्याचा वायू करायचा आणि तो गरम वायू नळीने कोळशाच्या बॉयलरमध्ये सोडायचा. यात दळण्याचा प्रश्न मिटला आणि राखही वेगळी राहिली. पुढे २०१९ साली लाहतीने कोळसा जाळणेच थांबवले. म्हणजे या जोडणीचा उपयोग कायमच्या संसारासाठी झाला नाही, नदी ओलांडताना नावेचा होतो तसा झाला. डेन्मार्कमध्येही तेच झाले. स्टुडस्ट्रुपचा एक संच २०१६ पासून लाकडाच्या गोळ्यांवर चालू लागला आणि त्या केंद्राच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये एस्ब्येर येथील आपले शेवटचे कोळशाचे केंद्र बंद केले.

इथे इंग्लंडचे एक उदाहरण सांगितले पाहिजे, कारण त्याचा धडा वेगळा आहे. यॉर्कशायरमध्ये ड्रॅक्स नावाचे प्रचंड केंद्र १९७४ साली कोळशावर सुरू झाले. त्याच्या सहा संचांपैकी चार २०१३ ते २०१८ या काळात पूर्णपणे लाकडाच्या गोळ्यांवर वळवले. यंत्राच्या दृष्टीने हे मोठे यश. पण एवढ्या गोळ्या आसपासच्या रानातून मिळणे शक्य नव्हते. त्या अमेरिका आणि कॅनडातून जहाजाने येऊ लागल्या. तोडलेले जंगल परत उभे राहायला किती वर्षे लागणार, हा वाद तेव्हापासून चालू आहे. काडी वर्षात उगवते, झाड वर्षात उगवत नाही. चालू सालाच्या मिळकतीचा हिशेब मी आधी सांगितला, तो इथे पक्का बसत नाही. तेव्हा हिरवे जळण म्हटले म्हणजे सगळेच सारखे, असे समजू नये.

आता आपल्या देशाकडे येऊ. पंजाब आणि हरियाणात साठीच्या दशकानंतर गव्हाच्या जोडीला भाताचे पीक पसरले. कापणीला कम्बाईन यंत्रे आली. ती वरचा भाग कापून दाणे घेतात आणि गुडघाभर खुंट व मोकळे काड शेतात सोडतात. त्या काडाला तिकडे पराळी म्हणतात. भाताचे काड तिकडची जनावरे आवडीने खात नाहीत, कारण त्यात वाळूसारखा सिलिका फार. त्यातच जमिनीतल्या पाण्याची पातळी घसरू लागली म्हणून २००९ साली दोन्ही राज्यांनी कायदा करून भाताची लावणी पावसाजवळ, पुढे ढकलली. पाणी वाचावे हा हेतू चांगलाच. पण लावणी पुढे गेली म्हणजे कापणी पुढे गेली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करायला पंधरा-वीस दिवसच उरले. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. काडी ओढली की एका संध्याकाळी शेत मोकळे. त्या दिवसांत वारा पडलेला असतो, हवा थंड आणि जड असते, म्हणून तो धूर दिल्लीपर्यंत पसरून राहतो.

डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या जाळण्यावर बंदी घातली आणि दंड ठरवून दिला. दोन एकरांखालच्या शेतकऱ्याला अडीच हजार, दोन ते पाच एकरांला पाच हजार, त्यावर पंधरा हजार रुपये. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दंडाची रक्कम दुप्पट केली. पण काड घेणारे गिऱ्हाईक कुठे होते? दिल्लीजवळ दादरी येथे राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचे, म्हणजे एनटीपीसीचे, कोळशाचे केंद्र आहे. तिथे २०१७-१८ मध्ये काडीच्या गोळ्या कोळशात मिसळून जाळण्याचा प्रयोग झाला आणि दहा टक्क्यांपर्यंत गोळ्या चालतात असे दिसले. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानेही नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व केंद्रांना पाच ते दहा टक्के गोळ्या वापराव्यात अशी सूचना केली. पण सूचना वेगळी आणि सक्ती वेगळी. सक्तीचे धोरण ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. त्याच वर्षी ‘समर्थ’ नावाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पुढे जून २०२३ मध्ये धोरण बदलून २०२४-२५ पासून पाच टक्के आणि २०२५-२६ पासून सात टक्के असे प्रमाण ठरवले.

सालांचा क्रम पाहा. डेन्मार्कमध्ये बंदीनंतर दोन-तीन वर्षांत खरेदीचे बंधन आले. आपल्याकडे दंड २०१५ साली आला आणि खरेदीची सक्ती २०२१ साली. मधली सहा वर्षे शेतकऱ्याने काय करावे? जाळले तर दंड, न जाळले तर गव्हाचा हंगाम चुकतो. या सहा वर्षांत जो धूर निघाला त्याचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

आपल्याकडे गठ्ठ्यांऐवजी गोळ्यांचा मार्ग धरला, त्यालाही कारण आहे. गोळी, जिला व्यापारात पेलेट म्हणतात, ती म्हणजे काडीचा भुसा यंत्रात दाबून केलेली करंगळीएवढी कांडी. एका घनमीटरमध्ये ती सहाशे किलोच्या वर मावते, म्हणजे लांबून आणणे परवडते. ती कोळशाच्याच पट्ट्यावर टाकून कोळशाच्याच गिरणीतून नेता येते. गिरणीत गरम हवा असते आणि काडी लवकर पेट घेते, म्हणून हवेचे तापमान जपावे लागते. काही जातीच्या गिरण्यांत तर हवेशिवाय भाजून घेतलेल्याच गोळ्या चालतात. एक अनुकूल गोष्टही आहे. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के असते, त्यामुळे चांगल्या वाळलेल्या गोळीची उष्णता आपल्या कोळशाच्या जवळपास येते.

शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडावा असा एक हिशेब सांगतो. आपल्या कोळशावर एक युनिट वीज करायला ढोबळ मानाने साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो. तेव्हा ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण जोरात चालला तर दिवसाला सुमारे ८,००० टन कोळसा जाळतो. त्याचे पाच टक्के म्हणजे ४०० टन गोळ्या. सोळा टनांचा एक ट्रक धरला तर रोज पंचवीस ट्रक. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एक लाख वीस हजार टन. कपाशीची पऱ्हाटी हेक्टरी अडीच टन मिळते असे धरले तर ४८,००० हेक्टरांची पऱ्हाटी. ही गरज एका संचाची आणि तीही फक्त पाच टक्क्यांची. आपल्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, म्हणजे जवळजवळ असे सहा संच. मुलांनी हा हिशेब केला की दोन गोष्टी त्यांना आपोआप कळतील. काडीने कोळशाची जागा पूर्ण भरून निघणार नाही. आणि पाच टक्केसुद्धा हजारो शेतकऱ्यांच्या बांधावरून गोळा करायचे आहेत, कोळशासारखे एका खाणीतून नव्हे.

महाराष्ट्राला हा विचार अगदी परका नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे गाळप १९५० च्या हंगामात सुरू झाले. त्या काळापासून आपल्या कारखान्यांच्या बॉयलरांत उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, जळत आला आहे. पुढे जास्त दाबाचे बॉयलर बसवून कारखाने आपली गरज भागवून उरलेली वीज विकू लागले आणि आज राज्यात बगॅसवरच्या विजेची क्षमता दोन हजार मेगावॉटच्या वर आहे. तिथे सोय अशी की ऊस कारखान्यात येतोच आणि चोथा दारातच पडतो. गोळा करण्याचा खर्च ऊसवाहतुकीतच मिटलेला असतो. पऱ्हाटीला ती सोय नाही.

विदर्भ आणि मराठवाड्यात कोळशाची केंद्रे आणि कापसाची शेते शेजारी शेजारी आहेत. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, परळी ही नावे आपण ऐकतो, ती सारी कपाशी आणि तुरीच्या मुलखातली किंवा त्याच्या जवळची. पऱ्हाटी जनावरांच्या कामाची नाही. उलट गुलाबी बोंडअळीचा उपद्रव टाळायचा तर हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढावी, असे कृषी खाते दर वर्षी सांगते. म्हणजे जी वस्तू शेतातून जायलाच हवी ती विकली जाणार असेल तर दुहेरी लाभ. ज्वारीच्या कडब्याची गोष्ट निराळी. तो गुरांचा घास आहे आणि दुष्काळात सोन्याच्या मोलाचा होतो. त्यावर वीजकेंद्राची नजर जाता कामा नये. भट्टी जास्त पैसे देऊ शकते, बैल पैसे देऊ शकत नाही. म्हणून कोणते घ्यायचे आणि कोणते घ्यायचे नाही हे गावाने आधी ठरवलेले बरे.

जमिनीचाही विचार राहतो. एक टन भाताच्या काडाबरोबर साधारण पाच-साडेपाच किलो नत्र आणि पंचवीस किलोच्या आसपास पालाश शेताबाहेर जातो. पेटवून दिले तर नत्र जळून जाते, निदान पालाश राखेतून जागेवर राहतो. विकले तर दोन्ही गेले. जमिनीत गाडले तर दोन्ही राहतात आणि सेंद्रिय कर्बही वाढतो. म्हणून सगळेच विकू नये. ज्या जमिनीला सेंद्रिय भागाची भूक आहे तिचा वाटा आधी काढावा, मग उरलेल्याचा भाव करावा. आणि भाव करताना गेलेल्या पालाशाची किंमत त्यात धरावी. ती आपल्या पदरची आहे.

डेन्मार्कच्या शेतकऱ्याने भाव कसा केला हेही सांगण्याजोगे आहे. सुगीच्या आधीच कंपनीशी लेखी करार होई. केंद्रात गठ्ठे उतरवताना क्रेनच त्यांचे वजन करी आणि त्यांतला ओलावाही मोजी. ओलावा मर्यादेपलीकडे असला तर माल परत जाई, कोरडा असला तर भाव चांगला मिळे. वर्षभर साठवण्याची जबाबदारी शेतकऱ्याची, म्हणून उशिरा पुरवलेल्या मालाला साठवणुकीचे पैसे वेगळे मिळत. सगळे उघड्यावर, लिहून, मोजून. आपल्याकडे एकट्यादुकट्या शेतकऱ्याला असा करार जमणार नाही. पाच एकरांच्या पऱ्हाटीसाठी कोणी ट्रक पाठवणार नाही. पण गावच्या सोसायटीने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने पऱ्हाटी तोडण्याचे यंत्र घेतले, उंच जागी गंजी रचल्या, शेजारच्या दहा गावांनी मिळून गोळ्यांची एक गिरणी चालवली, तर भाव ठरवताना दोन्ही बाजूंना बोलता येईल. नाहीतर काडी शेतकऱ्याची, ट्रक दलालाचा आणि पैसाही दलालाचा, असे व्हायला वेळ लागत नाही. दुधाचे आणि उसाचे जे झाले ते सहकारामुळे झाले. काडीचे काय होणार ते अजून ठरायचे आहे.

थोडक्यात, यंत्राचा भाग आता पुष्कळसा सुटला आहे. काडी दळता येते, जाळता येते, राख वेगळी ठेवता येते. अडचण उरते ती शेतापासून भट्टीपर्यंतच्या वाटेवर. तिथे काडी वाळवायची, मोजायची, साठवायची आणि तिचे दाम वेळेवर द्यायचे. जिथे खरेदीदार आणि भाव आधी ठरला तिथे काडी भट्टीत गेली. जिथे नुसती बंदी आली तिथे ती शेतातच जळत राहिली. आपल्या तालुक्यात गोळ्यांचा व्यापारी यंदा ना पुढल्या वर्षी येईलच. तो येण्यापूर्वी ग्रामसभेत एकदा बसून, आपल्या गावात कोणती काडी किती निघते, गुरांना किती लागते, जमिनीला किती द्यायची आणि विकायला किती उरते, एवढा आकडा तरी कागदावर मांडून ठेवावा. शाळेतली मुले हे काम आठ दिवसांत करून देतील.